पंप दोनवर कोणी आणला?

१

"धरलीय! धरलीय गं चिमणे! मागं बघू नकोस, पेडल मार!"

पंचेचाळीस वर्षं झाली, तरी हा आवाज ताईंच्या कानातून गेला नव्हता. सायकल मोठी, पाय आखूड, गल्ली उताराची आणि मागून सीट धरून धापा टाकत धावणारा दादा. दर दोन पेडलांना ती विचारायची, "धरलीस ना रे?" आणि मागून उत्तर यायचं, "धरलीय!" चौथ्या विजेच्या खांबापाशी सायकल वाळूच्या ढिगात घुसली. ताईंचा पुढचा दात अर्धा तुटला आणि दादाच्या पाठीत वडिलांचे दोन धपाटे बसले. "सोडलीस कशाला?" म्हणून. "चौथ्या खांबापर्यंत धरली होती!" असं दादा रडत रडत म्हणाला, आणि त्या दिवसापासून त्याने आपला जबाब एका शब्दानेही बदलला नव्हता.

आज तोच दादा हृदयरोगाच्या अतिदक्षता विभागात चार नंबरच्या पलंगावर पडला होता आणि त्याला मागून एका पंपाने धरलं होतं.

या विभागाच्या ताई मुख्य सिस्टर. तोंडावर सगळे ताई म्हणत, पाठीमागे दुर्बीण. नाव चुकीचं नव्हतं. सलाइनच्या बाटलीवरचं लेबल तिरकं लागलं असेल, तर ते त्यांना दारातून दिसे.

दादा शिलाई मशिनी दुरुस्त करणारा. सहा दिवसांपूर्वी एका मशिनीला तेल घालता घालता छातीत कळ आली आणि कुपी हातातच राहिली. बंद पडलेली रक्तवाहिनी डॉक्टरांनी तासाभरात उघडली, पण हृदय काही उठेना. ते मेलं नव्हतं, हबकून बसलं होतं. मोठ्या आवाजाने दचकलेलं वासरू कसं चारही पाय रोवून उभं राहतं आणि हलतच नाही, तसं. डॉक्टर त्याला कार्डिओजेनिक शॉक म्हणत. मग मांडीतल्या रक्तवाहिनीतून पेन्सिलीएवढा एक पंप थेट हृदयात नेऊन बसवला आणि पलंगाशेजारी त्याचं यंत्र ठेवलं. यंत्राला एक बटण आणि एक आकडा. आकडा सहा, म्हणजे ओझं पंपाने वाहायचं आणि हृदयाने विसावा घ्यायचा. आकडा दोन, म्हणजे पंप नावाला, हृदयाने आपल्या पायांनी चालायचं.

चौथ्या दिवशी आकडा उतरवून पाहिला होता. रक्तदाब धाडकन खाली आला. म्हणून आज दुपारी बाराला रुग्णवाहिका येणार होती. दुसऱ्या शहरातलं मोठं हॉस्पिटल, छाती उघडायची, कायमचा पंप बसवायचा आणि उरलेला जन्म कमरेला बॅटरी बांधून काढायचा. तिथली खाट आणि शस्त्रक्रियेची वेळ आजचीच मिळाली होती. ही हुकली तर पुढची कधी, ते कोणी सांगत नव्हतं.

सकाळी सात वाजता ताई पदर खोचून, म्हणजे एप्रन घालून, आत शिरतात न शिरतात तोच विभाग हादरला.

"दोनवर! पंप दोनवर कोणी आणला?"

२

आवाज मोठ्या डॉक्टरांचा होता. ते चार नंबरच्या पलंगाच्या पायथ्याशी, पडद्याला धरून उभे होते. रोज नऊला येणारा माणूस आज सातला आला होता आणि शर्टाची बटणं एक घर चुकून लागली होती. तीन पावलं पुढे धावून त्यांनी चाचपडत यंत्र गाठलं आणि बटण फिरवून आकडा पुन्हा सहावर नेला.

ताईंनी आधी दादाकडे पाहिलं. दादा झोपला होता. ओठ गुलाबी, कपाळ कोरडं. सहा दिवसांत इतका चांगला तो कधीच दिसला नव्हता.

"कोणाचा तरी धक्का लागला असेल," मोठे डॉक्टर म्हणाले.

"धक्का?" पंपवाले दुखावले. पंपाची देखभाल करणारा हा तंत्रज्ञ यंत्र आपल्या रुमालाने पुसायचा आणि त्याला बाळ म्हणायचा. नुकताच कामावर येऊन टेकला होता. "सर, बाळाचं बटण दाबून धरल्याशिवाय फिरत नाही. हत्तीचा धक्का लागला तरी आकडा बदलणार नाही. हे कोणीतरी हाताने केलंय."

"मग कोणी?" मोठे डॉक्टर कडाडले आणि सगळे आपापल्या चपलांकडे पाहू लागले.

ताईंच्या डोक्यात मात्र दुसराच प्रश्न फिरत होता. "सर, कोणी केलं ते नंतर. कधी केलं?"

"त्याने काय फरक पडतो?"

"दोनवर येऊन पाचच मिनिटं झाली असतील तर काही नाही. पण रात्रभर दोनवर असेल, तर?"

मोठ्या डॉक्टरांनी यंत्रावरचा हात काढला. मग खिडकीच्या काचेकडे बघत म्हणाले, "रात्रभर असेल तर सिस्टर, तुमच्या भावाच्या हृदयाने परीक्षा दिली आणि पासही झालं. मग कायमचा पंप कशाला हवा? पण माझ्याकडे पुरावा नाही. पुराव्याशिवाय मी आजची शस्त्रक्रिया सोडणार नाही."

"यंत्राच्या पोटात नोंद असेल ना?"

"असते," पंपवाले म्हणाले. "पण ती उघडायचा पासवर्ड कंपनीच्या इंजिनियरकडे. मी फोन केला. म्हणतो, फोनवर सांगता येत नाही, चारच्या गाडीने येतो."

रुग्णवाहिका बाराला. पासवर्ड चारला. ज्याने आकडा उतरवला, त्या एकाच माणसाला वेळ ठाऊक होती आणि तो माणूस याच खोलीत कुठेतरी तोंड शिवून उभा होता.

३

"पहिला जबाब तुमचा," ताई पंपवाल्यांना म्हणाल्या.

"मी काल पाचला घरी गेलो. तेव्हा सहाच होता."

"कशावरून?"

पंपवाले लाजले. इकडेतिकडे बघत त्यांनी मोबाइल काढला. "घरी जाताना रोज त्याचा एक फोटो काढतो. करमत नाही हो."

फोटोत यंत्र होतं, त्यावर सहाचा आकडा होता आणि कोपऱ्यात वेळ होती, पाच वाजून दोन मिनिटं. यंत्रावर एक झेंडूएवढा टेडीही बसवलेला होता. ताईंनी त्याबद्दल विचारलं नाही.

दुसरी रात्रपाळीची सिस्टर. नवीन पोरगी, अक्षर असं की तिला सगळे मोती म्हणत. तिने तासातासाचा तक्ता पुढे केला. रक्तदाब, लघवी, ताप, पंपाचा आकडा. रात्री आठपासून रकाने भरलेले आणि पंपाच्या रकान्यात सहा, सहा, सहा. एकेक आकडा सोनाराने घडवल्यासारखा.

"बघा ना ताई, दर तासाला सहाच. म्हणजे सातच्या जरा आधीच कोणीतरी..."

"मोती, आत्ता किती वाजले?"

"सव्वासात."

"मग सकाळी आठच्या रकान्यात सहा कुठून आला?"

मोतीचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. "ताई, आईशप्पथ, रक्तदाब खरा लिहिलाय. लघवी मी स्वतः मोजलीय. फक्त पंपाचा आकडा... फाइलमध्ये डॉक्टरांनी लिहिलंय, पंप सहावर चालू ठेवणे. मग तो सहाच असणार ना? म्हणून पाळी सुरू झाली तेव्हाच सगळे सहा एकदम काढून टाकले. एका बैठकीत काढले की अक्षर सारखं येतं."

ताईंना ओरडायचं होतं. पण तीस वर्षांपूर्वी एका थर्मामीटरच्या बाबतीत आपण काय केलं होतं, ते त्यांना आठवलं आणि त्या नुसत्याच खाकरल्या. "याचं बक्षीस तुला नंतर देते. आता एक सांग. या रक्तदाबाच्या रकान्यात एकच आकडा का?"

"सरासरीचा लिहिते. तेवढीच जागा आहे. रात्रभर शहात्तर होती."

"आणि काल दिवसा?"

मोतीने मागचं पान उलटलं. "शहात्तर."

आकडा तोच. दिवसाही शहात्तर, रात्रीही शहात्तर. मोत्यांच्या तक्त्याने काहीच सांगितलं नव्हतं. सांगितलं ते एवढंच की काल संध्याकाळी पाचपासून आज सकाळी सातपर्यंत त्या आकड्याकडे एकाही माणसाने पाहिलं नव्हतं.

४

मोठ्यांच्या हाताखालचे छोटे डॉक्टर चहाच्या कपात बिस्कीट बुडवून विसरले होते. बिस्कीट तळाला गेलं होतं.

"फाइलमध्ये 'सहावर चालू ठेवणे' हे तुम्ही कधी लिहिलंत?"

"काल साडेपाचला."

"मोठ्या सरांची फेरी सहाला. मग सरांनी पेशंट तपासायच्या आधीच आदेश कसा लिहिलात?"

"ताई, सरांना कोरा कागद दिसला की त्यांचा रक्तदाब वाढतो. म्हणून मी आदल्या दिवशीचंच उतरवून ठेवतो. सर वाचून मान डोलवतात. वर्षभर असंच चाललंय."

ताईंनी कपाळावर हात मारला. मोतीने छोट्यांचं उतरवलं, छोट्यांनी आदल्या दिवसाचं उतरवलं आणि आदल्या दिवसाने बहुधा त्याच्या आदल्या दिवसाचं.

"बरं, काल सर आले तेव्हा काय काय झालं? वगळू नका काही."

"सर पडद्याआड एकटेच गेले. ते नाडी बोटांनी बघतात आणि ते कोणी पाहिलेलं त्यांना आवडत नाही. इतकी यंत्रं असताना जुनाट वाटतं म्हणून. मी बाहेर फाइल धरून उभा. मग एकदम सर आतून ओरडले, 'खिडकी बंद करा! आधी खिडकी बंद करा!' मी धावलो."

"आपल्या विभागात उघडणारी खिडकी आहे?"

"नाही."

"मग बंद काय केलंत?"

"सगळ्या तपासून आलो. सगळ्या बंदच होत्या. सरांना तसं कळवायला आलो तर सर गेले होते. सव्वासहा वाजले असतील." छोट्या डॉक्टरांनी कपात डोकावून बिस्किटाचा निरोप घेतला. "पण ताई, मला दुसरीच काळजी आहे. तुमच्या दादांच्या मेंदूची."

"मेंदूची?"

"काल संध्याकाळपासून ते म्हणताहेत, सगळं धूसर दिसतंय. माणसांचे चेहरेच कळत नाहीत. मेंदूत गुठळी गेली असेल तर? जाण्यापूर्वी स्कॅन करावाच लागेल."

ताई तडक चार नंबरकडे निघाल्या. हृदय वाचलं आणि मेंदू गेला, असं तर झालं नाही ना?

५

दादा जागा झाला होता. उशाशी वहिनी बसली होती. तिने त्याचं मनगट असं पकडलं होतं, जसं जत्रेत मुलाचं धरतात. आणि दादाच्या नाकावर एक काळ्या फ्रेमचा, जाड भिंगांचा चष्मा होता.

"दादा, हा चष्मा कुणाचा?"

"कोण, चिमणी का? आवाजावरून ओळखलं बघ. चेहऱ्याच्या जागी मला नुसती इडली दिसतेय."

"अरे, तुला कधीपासून चष्मा?"

"मला काय ठाऊक? हिने लावला."

"वन्सं, मला वाटलं इथूनच दिलाय," वहिनी म्हणाली. "काल साडेसहाला आत सोडलं तेव्हा त्या यंत्रावर ठेवलेला होता. इथे सगळंच पेशंटच्या नावाने देतात. चमचासुद्धा. म्हटलं, ह्यांना उजेडाचा त्रास होत असेल, म्हणून दिला असेल. झोपले की काढून ठेवते."

ताईंनी चष्मा अलगद काढला.

"अगं बाई!" दादा ओरडला. "दिसायला लागलं! चिमणे, केवढी म्हातारी झालीस गं तू!"

मेंदूचं निदान तिथेच झालं. चष्म्याच्या उजव्या काडीला पांढरी चिकटपट्टी गुंडाळलेली होती. ती पट्टी गेल्या महिन्यात ताईंनीच आपल्या हाताने गुंडाळून दिली होती. कोणाला, ते आठवताच त्यांनी चष्मा खिशात टाकला. पण चष्मा यंत्रावर राहिला म्हणजे आकडा त्याच वेळी उतरला, असं थोडंच होतं?

"वहिनी, काल संध्याकाळी आणखी काही वेगळं वाटलं?"

वहिनीने मनगट आणखी घट्ट धरलं. "नाही बाई."

"वहिनी."

"सांगितलं की तुम्ही लोक लगेच तपासणी करता. बरं दिसलं की सुई, हसलं की सुई."

"सुई नाही. शपथ."

वहिनीने दादाकडे पाहिलं, मग पडद्याकडे, आणि आवाज इतका उतरवला की ताईंना वाकावं लागलं. "सहा दिवस मी हे मनगट धरून बसलेय. पहिल्या दिवशी बोटाला काही लागेचना. मी घाबरून पंपवाल्यांना विचारलं. ते म्हणाले, पंप एकसारखा नळासारखा वाहतो, त्याला ठोका नसतो. हृदय स्वतः जोर लावेल तेव्हाच नाडी उडेल. म्हणून मी वाट बघत होते. सहा दिवस नुसतं थंड, गुळगुळीत. आणि काल साडेसहाला हात धरला तर..." तिने मनगटावर दोन बोटं टेकवली. "दार वाजवल्यासारखं. कोणीतरी आतून दार वाजवतंय आणि म्हणतंय, आहे, आहे, मी आहे. रात्रभर वाजत होतं, वन्सं. आज सकाळी ते मोठे डॉक्टर येऊन ओरडले आणि परत मंद झालं."

ताई ताडकन उठल्या. बोटाला जे कळलं होतं, ते आणखी एका ठिकाणी लिहिलेलं असणार होतं. आणि तिथे पासवर्ड नव्हता!

६

साडेदहाला ताईंनी सगळ्यांना चार नंबरपाशी गोळा केलं. मोठे डॉक्टर घड्याळ डोळ्यांजवळ नेऊन बघत होते.

"सिस्टर, रुग्णवाहिका निघाली आहे. लवकर बोला."

"मोती, रक्तदाबाची सरासरी कशाची असते?"

"वरच्या आणि खालच्या आकड्याची. खालचा दोनदा धरायचा, वरचा एकदा."

"ती दिवसाही आणि रात्रीही शहात्तरच होती, म्हणून आपण सगळे फसलो. आता हे बघा." ताईंनी पलंगाच्या वरच्या मॉनिटरवर बोट ठेवलं. "हा बिचारा दिवसरात्रीचे सगळे आकडे मनात धरून बसतो, पण त्याला कोणी विचारत नाही. काल संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटं. वरचा ब्याऐंशी, खालचा त्र्याहत्तर. दोघांत अंतरच नाही. नळाचं पाणी. आता सहा पंचवीस. वरचा एकशेचार, खालचा बासष्ट. सरासरी तीच शहात्तर, पण मधे भलं मोठं अंतर. म्हणजे ठोका. हृदय स्वतः हाणत होतं. आणि हे अंतर सकाळी सातपर्यंत कमी झालं नाही. जवळजवळ पावणेतेरा तास, सर."

पंपवाल्यांनी टाळी वाजवली आणि कोणी साथ देत नाही म्हटल्यावर हात खिशात घातले.

"पण मग उतरवला कोणी?" छोट्या डॉक्टरांनी विचारलं.

ताईंनी खिशातून चष्मा काढला आणि मोठ्या डॉक्टरांच्या हातात ठेवला. "सर, हा यंत्रावर राहिला होता. तुमच्या रागाने आज सकाळी आम्ही सगळे इतके हबकलो की एक साधी गोष्ट सुटली. चष्म्याशिवाय तुम्हाला घड्याळातले काटे दिसत नाहीत. मग पलंगाच्या पायथ्याशी उभं राहून, तीन पावलांवरून, तुम्ही दोनचा आकडा वाचलात कसा?"

कोणी श्वास घेत नव्हतं. चार नंबरचा पेशंट तेवढा घेत होता.

"वाचला नाही तुम्ही," ताई हळू म्हणाल्या. "तुम्हाला ठाऊक होता."

मोठ्या डॉक्टरांनी चष्मा लावला. एकेकाकडे पाहिलं. मग स्वतःच्या शर्टाच्या बटणांकडे पाहिलं आणि स्टुलावर बसले. बसताना ते मोठे डॉक्टर राहिले नाहीत, नुसते एक थकलेले आजोबा झाले.

"सव्वासहा वाजता," ते म्हणाले. "दोन मिनिटांसाठी उतरवला होता. बोटाखाली नाडी येते का बघायला. नाडी मी चष्मा काढून, डोळे मिटून बघतो, तेवढ्यात नातीचा फोन आला. आजोबा, पोपट उडाला. घरातच फिरत होता, म्हणून ओरडलो, खिडकी बंद करा. मग तसाच पळालो."

"म्हणजे ती खिडकी..." छोटे डॉक्टर पुटपुटले.

"तरी निसटलाच मेला, पहाटे आंब्यावर सापडला. त्याला आत घातलं, पिंजऱ्याची कडी लावली, आणि ती कडी खट्ट वाजली तेव्हा आठवलं. हे राहिलं. बटण फिरवायचं राहिलं. कसा आलो, मला माहीत नाही. वाटेत तर वाटलं, पलंग रिकामाच असणार." त्यांनी डोळे पुसले, मग आठवण झाल्यासारखे चष्मा काढून पुन्हा पुसले. "इथे पोहोचलो आणि तुम्ही सगळे माझ्याकडे बघत होता. म्हणायचं होतं, मी विसरलो. तोंडातून निघालं, कोणी आणला."

"आणि पाठवून दिलं असतंत त्याला? छाती फाडायला?" हे वहिनी म्हणाली. सगळ्यांत हळू आवाज तिचाच होता.

"स्वतःला सांगत होतो की तेच सुरक्षित आहे." मोठे डॉक्टर उठले. "छोटे, रुग्णवाहिकेला फोन करा. परत जा म्हणावं. पंप आज पायरीपायरीने उतरवू, दर पायरीला इको करू. आणि आदेश कोऱ्या कागदावर लिहा. मोती, आकडा यंत्रावरून वाचून लिही, वाकडा आला तरी चालेल. माझी चूक मी स्वतः नोंदवतो." त्यांनी छोट्यांच्या हातातली फाइल घेतली आणि उभ्याउभ्याच लिहू लागले.

७

तिसऱ्या दिवशी पंप काढला. हृदय आता भित्रं वासरू राहिलं नव्हतं. आखूड पावलांनी का होईना, चालत होतं. पंपवाले यंत्र ढकलत दाराबाहेर नेताना दोनदा थांबले आणि टेडी मात्र दादाच्या उशाशी ठेवून गेले.

दादाने आपलं मनगट आपल्याच बोटांनी धरून पाहिलं. "चांगलं चाललंय. तेल मागत नाही अजून." मग त्याने मान ताईंकडे वळवली. "चिमणे, रात्रभर मी एकट्याच्या जोरावर होतो म्हणे?"

"पावणेतेरा तास."

"आणि मला वाटत होतं, धरलंय कोणीतरी."

"तेव्हा सांगितलं असतं तर घाबरला असतास."

"हां. पडलो असतो." दादाने टेडी उचलला, उलटा केला, जणू त्याच्या पोटात स्क्रू असणार होता, आणि परत ठेवला. कान लाल झाले होते. लहानपणी धपाटे खाताना व्हायचे, तसे. "चिमणे, तो चौथा खांब."

"चौथ्यापर्यंत धरली होतीस. माहीत आहे. पंचेचाळीस वर्षं ऐकतेय."

"नाही गं," दादा म्हणाला. "पहिल्याच खांबाला सोडली होती. पुढचे तीन तू एकटीच गेलीस."